चादर पायानं कळते

यंत्रमागाखाली रुई साठते, तसे आमच्या ऑफिसात किस्से साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. संध्याकाळी झाडून काढावी, तर सकाळी पुन्हा तेवढीच. जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगखाली मित्रमंडळी बसतात. ते विचारतात, काय, आज काय झालं तुमच्या कारखान्यात? मी म्हणतो, काही नाही. आणि मग जेवण गार होईपर्यंत बोलत बसतो.

ओळख करून देतो, म्हणजे पुढं घोळ नको. कारखाना भवानी पेठेत. खाली माग, वर दोन खोल्या. वर आम्ही दोघं चादरींची डिझाईनं काढतो. मी ग्राफपेपरचे चौकोन भरण्यात केस पिकवलेला माणूस, कॉम्प्युटर मागाहून शिकलो. पद्मा कॉम्प्युटरच शिकून आलेली. तिचे वडील, यादगिरीमामा, खाली नक्षी विणायच्या जुन्या जकार्ड मागावर. आणि मालक बसवराज. घरात कन्नड बोलतात, धंद्यात मराठी, रागावले की दोन्ही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. नवीन डिझाईनची पहिली चादर मागावरून उतरली की ती वरच्या खोलीत दारापासून टेबलापर्यंत जमिनीवर अंथरायची. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यानं चपला बाहेर काढून तिच्यावरूनच चालायचं. संध्याकाळी चादर दमलेली दिसली नाही तर पास. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. “चादर पायानं कळते,” असं ते म्हणायचे आणि आता मालक म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते वेडेपणाचं वाटतं. आम्हाला चादर भिंतीवर टांगलेली बघितली की चुकल्यासारखं वाटतं.

*

मालकांच्या मुलीनं त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि आमचे दिवस फिरले.

त्याआधी मालक ग्राफपेपर खिडकीशी नेऊन बघायचे आणि म्हणायचे, फूल जरा दाटीत बसलंय, त्याला श्वास घेऊ द्या. बस्स, तेवढ्यावर आम्ही कामाला लागायचो. फोन आल्यापासून त्यांना फोटो सापडायला लागले. परदेशातल्या पांढऱ्याशुभ्र खोल्या, त्यात एक पलंग, त्यावर एक चादर, शेजारी एक झाड. सकाळची पूजा आटोपली की आमच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस. खाली एकच शब्द. इन्स्पिरेशन.

एकदा असंच निळ्या-हिरव्या पानांचं एक डिझाईन आलं. आम्ही मान मोडून तसंच्या तसं उतरवलं. चादर तयार झाली. मालकांनी फोन चादरीशेजारी धरला आणि चेहरा पाडला. म्हणाले, फोनमध्ये जे तेज आहे ते हिच्यात कुठं आहे? आम्ही सूत बदललं, रंग बदलला, पुन्हा विणली. पुन्हा तेच. सुताला आतून दिवा कसा लावायचा हे मला तीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.

शेवटी ते चहाला खाली गेले तेव्हा मी त्यांच्या फोनचा ब्राइटनेस कमी करून ठेवला. वर येऊन त्यांनी पुन्हा फोन चादरीशेजारी धरला, बराच वेळ बघितलं आणि समाधानानं म्हणाले, “आता जुळलं बघा.”

*

पद्मासाठी कॉम्प्युटरला जोडून पेनानं चित्र काढायची पाटी आणली, ती नेमकी खंडेनवमीच्या तोंडावर. आता आमच्याकडे खंडेनवमीला मागापासून कात्रीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मालकांनी पाटीलाही सोडलं नाही. मधोमध हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा, त्यावर अक्षता, वरून फूल.

दसरा झाला, काम सुरू झालं, आणि पेन त्या वाळलेल्या टिळ्यावर अडखळायला लागलं. मी म्हटलं, ओल्या फडक्यानं पूस की. पद्मानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. मालकांनी हातानं लावलेला टिळा पुसायचा तरी कुणी? ती आपली त्या टिळ्याला वळसा घालून वेल काढत राहिली. त्यामुळं वेलीत जिथं-तिथं एक रिकामा गोल राहिला. विणून झाल्यावर तो चादरभर उमटला.

नवी पेठेतला व्यापारी माल बघायला आला. बोटानं ते रिकामे गोल चाचपले आणि म्हणाला, हे नवीन आहे, हे कुठून सुचलं? मालकांनी पद्माकडे बघितलं. पद्मानं पाटीकडे. डिझाईन खपलं. टिळा आपोआप झिजून गेला तेव्हा मालकांनी नवीन लावला.

*

पुण्याहून एक सेल्समन आला होता. त्याच्याकडे डोळ्यांवर चढवायचा एक अवजड चष्मा. तो घातला की समोर अख्खी बेडरूम उभी राहते, आणि आपलं डिझाईन त्या पलंगावर आणि जमिनीवर अंथरलेलं दिसतं. विणायची गरजच नाही, म्हणाला. आधी बघा, पसंत करा, मग विणा. वेळ वाचतो, सूत वाचतं.

मालकांनी चष्मा चढवला. मालक इकडे बघतात, तिकडे बघतात. मग खाली बघितलं आणि एकदम थबकले. एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल काढली, मग दुसरी काढली. अंदाजानं भिंतीशी सारली आणि जपून एक पाऊल पुढं टाकलं. आणखी एक टाकलं. तिथं नुसती फरशी होती.

सेल्समन मोठ्या आशेनं उभा. मालकांनी चष्मा उतरवला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “दिसतंय झकास. पण पायाला कायच लागंना की ओ.”

तो बिचारा चष्मा पेटीत घालून निघाला. आमच्या पद्माकडे मात्र तो एक गोष्ट ठेवून गेला. कुठलंही डिझाईन घेऊन ते परदेशी बेडरूमच्या फोटोतल्या पलंगावर बसवायचं कसं, हे तिनं त्याच्याकडून तेवढ्या वेळात शिकून घेतलं.

*

हा पुढचा किस्सा मी मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात. मला तो सांगताना हसू येत नाही.

मालकांना कुठल्याशा प्रदर्शनात एक स्मार्ट घड्याळ भेट मिळालं. त्यांनी ते यादगिरीमामांना दिलं. मामांचं वय झालंय, नाडी बघतं म्हणे, असू दे हातात. मामा घड्याळ घालून मागावर उभे राहिले, आणि घड्याळ सारखं थरथरायला लागलं. मामांना वाटलं, बिघडलं. वर घेऊन आले. मामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही. सगळा जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला.

पद्मानं घड्याळावर आलेलं वाचलं. मामांनी विचारलं, काय म्हणतंय? ती सांगेना. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, की इथं आवाज फार आहे, अशा ठिकाणी जास्त वेळ थांबलं तर कान जातात, असं म्हणतंय.

मामांनी घड्याळ हातातून काढलं, उलटंपालटं करून बघितलं.

“आत्ता सांगालंय व्हय,” म्हणाले, आणि टेबलावर ठेवून खाली गेले.

*

जुने माग दिवाळीनंतर काढायचे असं ठरलं. त्यांच्या जागेवर नवे, कॉम्प्युटरवर चालणारे येणार. जुने भंगारात. त्यांच्याबरोबर मामाही घरी बसणार. मालकांचा यात दोष नाही. जुन्या मागाचा सुटा भागही आता मिळत नाही. पण ते ऐकलं त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही, हे खरं.

पद्मानं तेव्हा मला एकच गोष्ट सांगितली. माग जायच्या आत तिनं कुठला फोटो न बघता, मनानं काढलेली एक तरी चादर तिच्या वडिलांच्या हातून उतरायला हवी. इतकी वर्षं त्यांनी दुनियेची डिझाईनं विणली, घरातलं एकही नाही.

डिझाईन तिच्याकडे तयार होतं. ते तिच्या आईचं होतं. त्यांच्या तेलुगूत दारातल्या रांगोळीला मुग्गू म्हणतात. आई रोज पहाटे दारात सडा टाकून त्या ओल्या जमिनीवरच ठिपके मांडायची आणि एका न तुटणाऱ्या रेघेनं सगळे ठिपके कवेत घ्यायची. मामा रात्रपाळीहून परतायचे ती नेमकी हीच वेळ. दमलेला माणूस सरळ घरात शिरायला बघायचा, आणि आई ओरडायची, पाय देऊ नका, अजून ओलं आहे! मग मामा भिंतीला पाठ लावून, अंग चोरून, कडेकडेनं आत जायचे. लहानपणी आम्ही बहिणी वडिलांना त्यावरून चिडवायचो, असं पद्मा सांगते. आई गेली आणि रोजचा मुग्गू थांबला. पद्मानं तो आठवून आठवून कॉम्प्युटरवर काढला. पांढरी रेघ, खाली ओल्या मातीचा रंग. मी इतकी डिझाईनं बघितली, पण हे बघायला खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

तिनं ते मालकांसमोर ठेवलं. मालकांनी निरखून बघितलं.

“कुठं बघितलीस हे?”

“कुठं नाही मालक. मीच काढलंय.”

“मग नको,” मालक म्हणाले. रागानं नव्हे, उलट फार मायेनं म्हणाले. लोकांना काय आवडतं हे फोनमध्ये दिसतं, आपल्या मनातलं विणून धोका कशाला पत्करायचा?

पद्मा जागेवर येऊन बसली आणि दुसरं काम उघडलं. पण तिचं पेन दिवसभर चाललं नाही.

*

दिवाळी तोंडावर आलेली. एके सकाळी नेहमीप्रमाणे मालकांचा ग्रुपवर फोटो आला. पांढरी खोली, मोठी खिडकी, एक पलंग, शेजारी एक झाड. पलंगावर मातकट रंगाची चादर, तिच्यावर ठिपक्यांना कवेत घेत फिरणारी एक पांढरी रेघ. इन्स्पिरेशन!

हा फोटो मी आधी पद्माच्या स्क्रीनवर बघितला होता. त्या सेल्समनकडून शिकलेली विद्या. तिनं तो इंटरनेटवर टाकला होता, खाली नाव न लिहिता. आता एवढ्या मोठ्या इंटरनेटवर मालकांना तो बरोबर कसा सापडला, असं मित्र विचारतात. मालकांचा फोन चार्जिंगला माझ्या टेबलावर असतो, एवढंच मी सांगतो.

मालक वर आले ते फोन समोर धरूनच. आमच्या दोघांच्या मधे उभे राहिले आणि कळवळून म्हणाले, “बघा, काय साधं आहे आणि काय उठून दिसतंय. फॉरेनची माणसं कसा विचार करतात. असं तुम्हाला का सुचत नाही ओ?”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“प्रयत्न करते मालक,” पद्मा म्हणाली. “संध्याकाळपर्यंत देते.”

*

चादर यादगिरीमामांच्याच मागावर चढली. पद्मानं त्यांना काही सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. मागावर चादर हातभरच दिसते, तीही उलट्या बाजूनं, आणि विणली तशी खाली गुंडाळली जाते. विणणाऱ्याला पूर्ण चादर शेवटीच बघायला मिळते.

पहिली चादर उतरली. खालच्या पोरांनी ती गुंडाळलेलीच वर आणली, आम्ही रीतीप्रमाणे दारापासून टेबलापर्यंत अंथरली. मालक अनवाणी तिच्यावरून गेले, परत आले, टाचा दाबून बघितल्या. खूष होते. मी गेलो. चहावाला केटली सांभाळत गेला. पद्मा तेवढी सकाळपासून जागेवरून उठली नव्हती.

मालकांनी मामांना वर बोलावलं. जुन्या मागावरच्या शेवटच्या डिझाईनची ही चादर, तिच्यावर मामांचा पाय पडलाच पाहिजे, असं त्यांच्या मनात होतं. त्यात त्यांची माया होती. मामा जिना चढून आले. दाराबाहेर चपला काढल्या. आत पाय टाकायला उचलला आणि तसाच मागं घेतला.

ते उंबऱ्यावर उभे राहिले. चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. मग पद्माकडे बघितलं. ती स्क्रीनकडे बघत होती.

“या की मामा, आत या,” मालक मोठ्यानं म्हणाले. “फॉरेनचं डिझाईन हाय!”

मामा वळले. भिंतीला पाठ लावली, अंग चोरलं आणि कपाटाला घासत, कडेकडेनं एकेक पाऊल सरकत टेबलाकडे यायला लागले.

मालकांना वाटलं, मामांना ऐकूच गेलं नाही. ते हातानं चादर दाखवत आणखी मोठ्यानं ओरडले, “अहो मामा, वरनं या की! चादरीवरनं!”

मामा भिंतीशी तसेच थांबले.

“नको मालक,” ते म्हणाले. “अजून ओलं हाय.”