जिनिंगचा इंजनवाला

अगं, जवळ बस की जरा, सारखी काय उठतेस! आमच्या केजकडच्या कापसाच्या जिनिंगमधल्या इंजनवाल्याचं सांगते. नाव त्याचं कुणी विचारलंच न्हाई. सदा इंजनाच्या पाण्याच्या हौदाकाठी राखणीला बसायचा अन् बोट नाचवत सांगायचा, "भाप म्हंजी वाफ चाक फिरवती, चाकावर बिजली बनती. मंग दमलेली भाप ह्या पाण्यानं निवून परत पाणी बनती. हौदाला हात लावाल तर बघा!" तहानेलं कुत्रंसुद्धा हाकलायचा.

त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या. निजामाचे तालुकदार बिजली बघायला आले, तवा आमी बाया रिकाम्या घागरी घेऊन फाटकाशी उभ्या. दिवे लागले. त्यानं आमच्याकडं पाहिलं, इंजन बंद केलं आणि हौदाची तोटीच सोडली! आमी घागरी घेऊन आत धावलो.

जिनिंगचा मालक ओरडला, "बंद कावून केलंस बे? नोकरी गेली तुजी!"

"जाऊ द्या मालक. इंजन बिनपाण्याचं ऱ्हाईल, बाया न्हाई ऱ्हायच्या."

पाणी कोमट होतं. आमी ओंजळीनं प्यालो, घागरी भरून घेतल्या. तो सदरा खांद्यावर टाकून निघून गेला, वळूनही न बघता.

तू परत लवकर ये गं. घरात हे सांगितलं, तर कुणाला ते खरं वाटतच न्हाई.