दचकणारं घर

माझी आत्या शाळेची बस चालवायची. तिचा आवाज इतका खणखणीत, की आतोबा म्हणायचे, "हिच्या बसला कंपनीने हॉर्न उगाच बसवलाय." शेवटच्या सीटवर कोणी खोडी काढली की ती नुसतं आरशात बघून दरडावायची, आणि अख्खी बस चिडीचूप व्हायची. ही बाई कधी कशाला घाबरेल असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं.

एका सकाळी चिमीच्या उशाशी गजर वाजला. चिमी म्हणजे आत्याची एकुलती एक लेक, तेव्हा सातवीत होती. गजर वाजताच ती दचकून उठून बसली आणि तशीच मागे कोसळली. डोळे पांढरे, ओठ निळसर, हातपाय ताठ. आत्या स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. ती हाका मारत, गालावर चापट्या मारत राहिली, तेवढ्यात चिमीने डोळे उघडले.

"आई, ओरडतेस कशाला?"

डॉक्टरांनी फिट सांगितली, गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या महिन्यात दाराची बेल वाजली आणि चिमी अभ्यासाच्या खुर्चीवरून खाली घसरली. आत्या तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "दोन्ही वेळा आवाजाने? मग आधी हिच्या हृदयाचा आलेख काढू या."

त्या आलेखावरून चिमीला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या. मी तेव्हा अकरावीत होते, आत्या-आतोबांना सोबत म्हणून गेले होते.

"हृदयाला भोक आहे का?" आत्याने बसायच्या आधीच विचारलं.

"भोक नाही. हृदय चांगलं धट्टंकट्टं आहे. गडबड त्याच्या पेशींच्या पडद्यात आहे."

डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो, त्या सांगू लागल्या. तेलकट रेणूंचे दोन थर, शेपट्या एकमेकांकडे आणि डोकी पाण्याकडे. पाण्यात विरघळलेले क्षार त्या तेलातून आरपार जाऊ शकत नाहीत. म्हणून त्या पापुद्र्यात जागोजागी प्रथिनांची दारं असतात, आणि एकेका दारातून ठरावीकच पाहुणा ये-जा करतो. सोडियम आत शिरला की ठोक्याची सुरुवात होते. पोटॅशियम बाहेर पडला की पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते.

हे सगळं मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. पेशीपटल, व्याख्या, आकृती, दोन गुण. ती आकृती आमच्याच घरात कोणाचा जीव घेऊ शकते हे कुठल्याच प्रश्नात आलं नव्हतं.

"हिच्या पेशींत पोटॅशियमची दारं नीट काम करत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यामुळे सज्ज व्हायला वेळ लागतो. नेमक्या त्या वेळात दचकली, तर ठोक्यांची लय बिघडते. जन्मजात आहे हे. बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून येतं."

"यावर औषध?"

"आहे. रोज, न चुकता. बऱ्याच जणांचं आयुष्य त्यावर नीट जातं. पण काही नेहमीची औषधं हिला चालणार नाहीत, त्यांची नावं लिहून देते. आणि आता तुमचे दोघांचे आलेख काढू."

आतोबांचा आलेख ठीक निघाला. आत्याचा हातात धरून डॉक्टर जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"तुम्हाला कधी चक्कर?"

"एकदा आली होती. बाळंतपणानंतर. अशक्तपणा म्हणून सोडून दिलं."

"काम काय करता?"

आत्याने आतोबांकडे पाहिलं.  तेच म्हणाले, "शाळेची बस चालवते."

डॉक्टरांनी आलेख खाली ठेवला. "गोळ्या सुरू करू, पुढच्या तपासण्या करू. आजवर काही झालं नाही, कदाचित होणारही नाही. पण तोवर मुलांची बस नको."

घरी परत येताना आत्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. चालकाने ब्रेक दाबला की तिचाही उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा.

रात्री आमच्याकडे जेवणं झाल्यावर आजीने विचारलं, "डॉक्टरीण काय म्हणाली?" आत्याने सगळं सांगितलं आणि मग हळूच म्हणाली, "आई, त्यांनी विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का."

आजीच्या हातातला फडका थांबला. माझा धाकटा काका विशीत जिन्यावरून पडून गेला होता. त्या दिवशी जिना आजीने पुसला होता. वाळायच्या आत तो धावत खाली आला, ही गोष्ट आजीने कधी कोणाला सांगू दिली नाही आणि स्वतः कधी विसरली नाही. इतक्या वर्षांत तिने जिन्याला फडका लावला नव्हता.

"खाली फोन वाजला होता," आजी म्हणाली. "तो घ्यायला पळाला." बराच वेळ ती फडक्याची घडी घालत आणि मोडत राहिली. "म्हणजे पाय घसरला नव्हता त्याचा?"

"आता नक्की कसं सांगणार, आई? पण डॉक्टर म्हणाल्या, असंही असू शकतं."

आजी रडली नाही. "असू शकतं," एवढंच पुटपुटत उठली आणि झोपायला गेली.

आतोबांचं म्हणणं होतं, दोन-चार दिवस थांबावं. "आजारी आहे म्हणून रजा टाक. सगळं सांगितलंस तर परत घेणार नाहीत. उगाच आगीतून फुफाट्यात कशाला?"

"रजेवर असले तर उद्या कोणीतरी म्हणेल, अर्ध्या दिवसापुरती ये. आणि मी जाईन. मला माहितीये मी कशी आहे ते."

सकाळी तिने बसच्या मालकाच्या टेबलावर किल्ली ठेवली. मालक म्हणाला, "काकू, आजवर एक ओरखडा नाही तुमच्या हातून!"

"म्हणूनच आत्ता सांगतेय."

मालकाने तिला कार्यालयात बसवलं, कोणती बस कुठे पोचली ते पाहायला. तिथल्या फोनला घंटेऐवजी लुकलुकणारा दिवा लावून घेतला. काम जमलं, पण गेटातून बस बाहेर पडायला लागली की ती पाठ करून बसायची.

घरात तर वेगळीच तऱ्हा. बेल काढली, गजर काढला, दारांना कापडाच्या पट्ट्या लावल्या. तो खणखणीत आवाज कुजबुजीवर आला. चमचा पडला तरी सगळे चिमीकडे बघायचे. रात्री आत्या दोन-दोनदा उठून लेकीच्या नाकाशी बोट धरायची. शेवटी चिमी एकदा फणकारली, "तू अंधारात अशी येऊन उभी राहतेस ना, त्यानेच मी दचकेन!" आत्याला हसू आलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. त्यानंतर उठणं कमी झालं, थांबलं नाही.

चिमीला पुन्हा काही झालं नाही. गोळ्या घेत घेत ती मोठी झाली, आणि शिकायला दुसऱ्या गावी जायचं म्हणाली. आत्याने महिनाभर नाही म्हटलं. मग तीच वसतिगृहात गेली, खोलीतल्या मुलीला हृदय थांबलंच तर छाती कशी दाबायची ते उशीवर दाखवलं, तिथल्या बाईंना सगळं समजावलं आणि परत आली.

गोळी घेतली की चिमीने निरोप पाठवायचा, असं ठरलंय. परवा निरोप उशिरा आला. मी आणि आजी आत्याकडेच होतो. आत्या फोन हातात घेऊन गॅलरीत येरझारा घालत होती, आणि आजी म्हणत होती, "बस गं जरा, तूसुद्धा अजून घेतली नाहीस तुझी."