खालची बाजू खरबरीत

गुरुलिंगअण्णा वाईट कारागीर नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर प्रतिक्षानं त्याला केव्हाच माफ करून टाकलं असतं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्याच्या वर्कशॉपात जन्मभर मागाचे पार्ट झाले. मागाच्या पार्टवरून सूत धावतं. पार्ट जरा खरबरीत राहिला की धागा तुटलाच. म्हणून अण्णाच्या हातची वस्तू आरशासारखी निघायची आणि तो ती उन्हात धरून साऱ्यांना दाखवायचा. गर्वाचं घर खाली म्हणतात. अण्णाचं मात्र दुमजली होतं.

प्रतिक्षा तिथं डिझायनर. बौद्ध वस्तीतली, डिप्लोमा केलेली, जिभेची तिखट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेचं काम तिनंच ओढून आणलं होतं. तिथं उंदराच्या मेंदूची चित्रं घेतात. उंदीर चाकावर पळत असतो, पण डोकं तसूभरही हलता कामा नये. त्यासाठी त्याच्या कवटीवर दातांच्या सिमेंटनं टायटॅनियमची छोटीशी पट्टी चिकटवायची आणि ती पट्टी क्लॅम्पात आवळायची. पट्टी आणि क्लॅम्प, दोन्ही पहिल्या रेघेपासून प्रतिक्षाचे. ड्रॉइंगवर तिनं ठळक लिहिलं होतं, खालची बाजू खरबरीत, पॉलिश नको. सिमेंटला धरायला काहीतरी हवं ना!

अण्णानं पॉलिश केलं. दोन्ही बाजूंनी. पुण्यात पट्ट्या निसटल्या, एक उंदीर धडपडून मेला. तिथल्या तेजश्री मॅडमचा फोन आला तेव्हा अण्णा बेधडक म्हणाला, "आमच्या पोरीचं ड्रॉइंगच चुकलंय, मॅडम." पोरगी समोरच उभी होती. पुण्यात तिचं नाव तेवढ्या एका ड्रॉइंगवर उभं होतं आणि या माणसानं ते पान थुंकावं तसं थुंकून टाकलं. संतापानं तिला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातून हाड आणलं. रविवारच्या मटणातलं, खांद्याचं, चपटं. उकळून, घासून पांढरं केलेलं. ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडून थोडं सिमेंटही मागून आणलं. हाड टेबलावर आलं तसा अण्णा मागं सरला. घर लिंगायत, सोवळं कडक.

"ए! हे काय आणलीस हितं? तुमच्यात चालत असंल, माझ्या शॉपात न्हाय चालणार!"

तुमच्यात. हा शब्द ती शाळेपासून ऐकत आली होती.

"चूक कुणाची ते बघायचंय न्हवं, अण्णा? मग बघा की."

तिनं त्याची चकचकीत पट्टी सिमेंटनं हाडावर चिकटवली, सुकू दिली आणि टिचकी मारली. पट्टी टणकन फरशीवर पडली. मिलिंग मशीनवरचा प्रदीप तोंड फिरवून हसला. मग तिनं दुसरी पट्टी खालून एमरी कागदानं खरवडली, चिकटवली, वाळल्यावर टिचकी मारली. ढिम्म हलेना.

"बोटात जोर न्हाय तुझ्या," म्हणत अण्णानंच एका हातानं हाड धरलं, दुसऱ्या हातानं पट्टी. ओढली, पिळली, मान लाल होईपर्यंत झटला. पट्टी जागची हलली नाही. मग कुठं त्याच्या ध्यानात आलं, मुठीत काय आहे ते. हाड टाकून तो नळाकडं पळाला आणि साबण घासत बसला.

प्रतिक्षा वाट बघत उभी राहिली. चुकलं माझं, एवढंच तिला ऐकायचं होतं.

"खरबरीतच पायजे न्हवं?" नळावरून आवाज आला. "जमतंय मला. पुण्याचं काम माझं मी देतो करून. तू उद्यापासनं येऊ नगंस. बाटवलीस सगळं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! तिनं त्याच्या देखतच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. "मॅडम, ड्रॉइंग बरोबर होतं. पट्ट्या इथं पॉलिश झाल्या होत्या. पुढच्या मी दुसरीकडून करून घेते."

अण्णा ओल्या हातानं धावत आला. "दुसरीकडं कुटं? माझ्यासारखा हात सोलापुरात कुणाचा हाय?"

"हात लई हायेत, अण्णा. हाडाला लावले तर बाटत न्हाईत, असले बी हायेत."

"ड्रॉइंग तुझं आहे, प्रतिक्षा," फोनवरून मॅडम म्हणाल्या. "तू सांगशील तिथं काम देऊ. पत्ता पाठव."