डावरा हिरो आणि इंजिनवाला

पारोळ्याची ती केस इतक्या वर्षांनंतरही मला जशीच्या तशी सांगता येईल. नावे मात्र कोणाचीच लिहीत नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावला फौजदार होते. जिल्ह्यात बाई अधिकारी जवळजवळ नव्हत्याच, म्हणून कुठेही स्त्रीचा जबाब घ्यायचा असला की मला जीपमध्ये बसवून पाठवत. पारोळ्यात घरची मंडळी तंबूतल्या सिनेमाला गेली असताना एका व्यापाऱ्याच्या घरातून दागिने गेले होते. खबऱ्याने सांगितले, सिनेमाला वीज देणारे इंजिन चालवणारा इंजिनवाला रोज त्या घराच्या मागच्या दाराशी दिसतो. ठाण्याने त्याला आणून बसवले.

चाळिशीचा माणूस, तोंडावर देवीचे व्रण, मागेपुढे कोणी नाही.

“मागच्या दाराशी कशाला जात होतास?” मी विचारले.

“इंजिनाला पाणी लागतं, बाई. त्यांच्या आडावरून नेत होतो.”

“चोरी झाली तेव्हा कुठे होतास?”

“इंजिनापाशीच.”

“कोणी पाहिलं?”

शेजारी उभे असलेले ठाण्यातले जमादार हसले. “बोल की! का इंजिनच येणार साक्षीला?”

“मला आत टाका साहेब, पण हे विचारू नका.”

जमादारांनी तो कबुलीजबाबच समजला. मला तसे वाटेना. चोराला साक्षीदार हवा असतो, नसला तर तो बनवून आणतो. हा असलेला साक्षीदार लपवत होता.

दुपारी गल्लीतल्या बायकांचे जबाब घेतले. सिनेमा सगळ्यांना तोंडपाठ होता. मारेकरी मागे लागलेली एक मुलगी, तिला आसरा देणारा एकटा माणूस, शेवटी गोळीबार आणि लग्न. एकजण म्हणाली, “पन हिरो डावरा शे माय! पिस्तूल बी डावा हातमा, आन् घास बी डावा हातमा!”

शेजारच्या म्हाताऱ्या अक्काने ठामपणे सगळ्याच नटांवर शिक्का मारला, “सिनेमावाला बठ्ठाच डावरा ऱ्हातस!”

हसण्यातच मी ते टिपून घेतले. नंतर व्यापाऱ्याच्या घरच्या स्वयंपाकिणीला बोलावले. तिशीची विधवा. सासर-माहेर दोन्ही तुटलेले, राहणे-जेवणे त्याच घरी. चोरीच्या रात्री गल्लीतल्या बायकांबरोबर सिनेमा पाहिला, असे तिने सांगितले. मी गोष्ट सांगायला लावली. सांगता सांगता ती रंगली आणि पिस्तूल रोखलेल्या हिरोसारखा हात उगारला. उजवा.

“डाव्या हातात ना पिस्तूल?” मी म्हटले.

“नई वं बाई, उजवाज हातमा!”

आता संशय तिच्यावरही आला. गोष्ट दुसऱ्याकडून ऐकून ती घरीच थांबली असेल, तर दार आतून तिनेच उघडले असणार. ठाण्यात सगळ्यांचे तेच मत झाले. मी मात्र तंबू पाहायला गेले.

तंबूच्या मध्यावर पडदा टांगलेला होता. पुढे पुरुष, मागे बायका, अशी तिथली पद्धत. मालकाने समजावले, “खेळाआधी पडदा ओला करतो, म्हणजे मागच्यांनाही स्वच्छ दिसतं. फक्त डाव्याचं उजवं दिसतं. पण बायांची कधी तक्रार नाही!”

म्हणजे तिने सिनेमा पाहिला होता, पण पुरुषांच्या बाजूने. त्या बाजूला बाई बसली असती तर गावभर झाले असते. मी तंबूला बाहेरून फेरी मारली. पुरुषांच्या बाजूला, कनातीबाहेर इंजिन होते. तिथे कनात फाटलेली होती आणि त्या फटीतून पडदा सरळ समोर दिसत होता. फटीपाशी दोन पोती शेजारी शेजारी अंथरलेली होती.

तिला ठाण्यात बोलावले आणि खोलीतून जमादारांनाही बाहेर पाठवले.

“तो तुझ्याजवळ होता, असं तू सांगितलंस तर तो सुटेल,” मी म्हटले. “पण जबाब कागदावर जाईल, शेटजींच्या कानावर जाईल. त्या घरात तुला ठेवणार नाहीत. राहशील कुठे, याचा विचार कर.”

तिने पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, “आडवर पानी लेवाले ये, तव्हय इचारे, जेवनी का? मन्हा नवरा मरना तव्हयपासून माले कोनी इचारं नव्हतं.” तिने मान वर केली. “लिखा बाई. तो मन्हा जोडे बठेल व्हता, खेळ सरेपावत. बठ्ठा गावले समजू द्या.”

खेळ संपेपर्यंत तो तिच्याजवळ बसला होता, हा जबाब मी तिच्याच शब्दांत लिहिला आणि तिचा अंगठा घेतला. इंजिनवाल्याला सांगितले तेव्हा तो सुटल्याचा आनंद करायच्याऐवजी कपाळावर हात मारून तिलाच उद्देशून म्हणाला, “काय केलंस गं हे!”

तपास पुन्हा घराकडे वळला. सिनेमातून मध्येच उठून आलेला घरचाच एक नातेवाईक सापडला आणि दागिनेही मिळाले. तरी शेटजींनी स्वयंपाकिणीला त्याच दिवशी कामावरून काढले. तिचे गाठोडे ओट्यावर ठेवले होते.

ठाण्यात मी पुष्कळ खोटे ऐकले. त्यातले थोडेच गुन्हा झाकण्यासाठी होते. उरलेले खोटे माणसे एवढ्यासाठी बोलत, की कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळाले होते आणि ते जाऊ द्यायचे नव्हते. त्यानंतर कोणालाही “कुठे होतास?” विचारण्याआधी मी खोली रिकामी करून दार लावून घ्यायची. हे पोलीस शाळेत शिकवत नाहीत.

आठवड्याने तंबू अमळनेरला हलला. सामानाचा ट्रक पारोळ्याच्या ठाण्यावरून गेला तेव्हा केसच्या कागदांसाठी आलेली मी दारातच होते. इंजिनवाला मागे, इंजिनाला धरून उभा होता. ती पुढे, ड्रायव्हरशेजारी, गाठोडे मांडीवर घेऊन बसली होती. बाजाराचा दिवस होता, सगळे गाव रस्त्यावर होते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला नाही.