यंदाही हाक झाली नाही

मी वाडी सोडली तेव्हा चैत्र चालू होता. औंढ्याच्या पलीकडच्या आमच्या डोंगरात चाराची झाडं हिरव्या फळांनी लगडली होती. चार म्हणजे ज्याच्या बीतून चारोळी निघते ते झाड. खाली रस्त्यावर जवळा बाजारला जाणारी जीप उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. नवरा पत्र्याची पेटी टपावर चढवत होता, माय भाकरीचं गाठोडं माझ्या काखेत कोंबत होती. मला मात्र दुसरंच काही हवं होतं. मी बाला म्हटलं, एक मूठ चार दे सोबत, हिरवे का असेनात. बानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हाक झाल्याबिगर न्हाई, पोरी," एवढंच म्हणाला.

बाप आहे का फौजदार, असं मनात म्हणत मी जीपमध्ये बसले. परभणी येईपर्यंत त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

जे मागं राहिलात त्यांना हाक म्हणजे काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखे जे पुणं, सुरत, हैदराबाद करत बसलात, तुमची पोरं कधीतरी विचारतील, म्हणून लिहिते. आम्ही आंध आदिवासी. आमच्या वाडीची रीत अशी, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चाराला कुणी हात लावायचा नाही. आखाजीला सकाळी बा एकटा डोंगरावर जायचा. पिकून काळं झालेलं पहिलं फळ देवापुढं ठेवायचा, सगळी झाडं फिरून बघायचा आणि मग वरून हाक द्यायचा. ती ऐकू आली की टोपल्या घेऊन अख्खी वाडी वर. शेंड्याची फळं पाखरांची, त्यांना हात लावायचा नाही. फांदी मोडायची नाही. बाच्या आधी हाक द्यायचं काम त्याच्या बापाकडं होतं.

लहानपणी मला हा सगळा जुन्या माणसांचा हट्ट वाटायचा. पिकलेलं फळ पाखरं खातात, बी लांब जाऊन पडते, तिथं नवं झाड उगवतं, हे माझ्या डोक्यात शिरलं ते पुण्यात रोपवाटिकेत कामाला लागल्यावर.

आम्ही गेलो ते चरामुळं. त्या हिवाळ्यात जंगल राखायचं म्हणून डोंगराच्या पायथ्याशी लांबलचक चर खोदला गेला. नवऱ्याचा उतारावरचा ज्वारीचा तुकडा चराच्या आत गेला आणि आम्ही बाहेर राहिलो. जंगलखात्याचा गार्ड माणूस वाईट नव्हता, आमच्याकडं चहाला यायचा. "बाबा, वरून हुकूम आहे, मी काय करू," म्हणायचा. मी गेल्यावर आलेल्या आखाजीला त्यानं बालाही वर जाऊ दिलं नाही. म्हणजे ज्या हाकेपायी मी रुसून गेले, ती झालीच नाही.

पुढचं जे वाडीतच होतात त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, मी मायच्या तोंडून ऐकलं. आधी डोंगराला वाडीचे डोळे होते. म्हातारी माणसं शेळ्या वळता वळता बघायची, पोरं सरपण वेचता वेचता बघायची. आता एक गार्ड आणि तेवढा मोठा डोंगर. फाल्गुनातच बाहेरचे लोक यायला लागले, कुऱ्हाडीनं फांद्या उतरवायच्या आणि हिरवे चार ओरबाडून बाजाराला न्यायचे. मग आपलीही माणसं तेच करू लागली. त्यांना मी नावं ठेवत नाही. आपण नाही तोडलं तर दुसरा तोडणार, हे दिसत असताना कोण किती दिवस गप्प बसेल? बा तेवढा बसला. दर आखाजीला तो चरापर्यंत जायचा, वर बघायचा आणि परत यायचा. "त्याचं डोकं फिरलंय," असं माय रागानं सांगायची आणि मग रडायची.

इकडं पुण्याजवळ मांजरी गावात मी काळ्या पिशव्यांत माती भरत होते. दिवसभर उकिडवं बसून कंबर धरायची. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या रोपांना मोठी मागणी. टेम्पो भरून जायचे, कुठंतरी मांडव पडायचा, फोटो निघायचे. झाडं लावा म्हणून भाषणं व्हायची. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण मला ऐकून थकायला व्हायचं. झाडं न लावता नुसतं थांबून जंगल राखणारी माणसं मी पाहिली होती आणि ती चराबाहेर बसली होती. हे कुणाला सांगणार? मॅनेजरला? तो म्हणाला असता, ताई, पिशव्या भरा.

माझ्या बाळंतपणाला माय आली. नवऱ्यानं हौसेनं श्रीखंड आणलं, मी वर घालायला दुकानातून चारोळीची पुडी आणली. मायनं पुडी उलटसुलट करून पाहिली. "हे कव्हाचं? ह्याची हाक झाली व्हती का?" मी हसले. तिनं श्रीखंड खाल्लं, चारोळी बोटानं वेचून ताटाच्या कडेला ठेवली. त्यानंतर मी पुडी आणली नाही. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

वर्षं गेली. लेक शाळेत जायला लागली, पुण्याची मराठी बोलायला लागली. मग वनहक्काचा कायदा आला, वाडीत बैठका झाल्या, आणि खूप हेलपाट्यांनंतर डोंगरावर वाडीचा हक्क मान्य झाला. मायचा फोन आला, "आखाजीला ये. तुझा बा हाक देणार हाय."

मी रजा टाकून लेकीला घेऊन गेले. त्या सकाळी चराच्या काठाला सगळे टोपल्या घेऊन उभे होते, जत्रेला आल्यासारखे. बा वाकला होता. काठी टेकत, थांबत थांबत वर गेला. आम्ही कान लावून उभे. ऊन चढलं, पोरं कुरकुरायला लागली, तरी वरून आवाज नाही. मला भीती वाटली, म्हातारा पडला की काय. मी निघणार एवढ्यात तो झाडीतून उतरताना दिसला.

त्यानं डोकं हलवलं. "झाडं लई मोडलीत. थोडीच उरलीत, त्याहीवर फळ कमी हाय. यंदा हाक न्हाई. पाखरायला राहू द्या."

मला वाटलं, आता भांडण होणार. इतक्या वर्षांनी हक्क मिळालेला, टोपल्या हातात. पण एका म्हातारीनं टोपली पालथी करून डोक्यावर घेतली आणि ती घराकडं वळली. तिच्यामागं सगळे गेले. हिरवं तोडणारेही त्यांत होते.

मला मात्र राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "बा, एक मूठ? लेकीला दाखवायला?"

"न्हाई, पोरी."

मला हुंदका आला आणि हसूही आलं. मायचे केस पांढरे झाले होते, आमचा तुकडा झुडपांनी भरला होता, माझी बोलीसुद्धा बदलली होती. बाचं उत्तर तेवढं होतं तसंच होतं. "काहून रडून राहिली?" त्यानं विचारलं. इतकी वर्षं मी घर घर म्हणून ज्याची आठवण काढत होते, ते बाचं हे 'न्हाई' होतं.

आता दर आखाजीला कामावर जायच्या आधी मी फोन लावते. चाराची नवी रोपं चरापर्यंत आलीत, असं माय सांगते. मग फोन बाच्या हातात जातो. हाक झाली का, मी विचारते. तो न्हाई म्हणतो. मी बरं म्हणते आणि पिशव्या भरायला जाते.