बाबांनी भरलेली ओटी

डोंगरापुढे माणूस आपोआप नम्र होतो, असं म्हणतात. माझे वडील होत नसत. शिखरावर देऊळ असलं, तर ते बाहेर उभे राहून आम्हाला अंधश्रद्धेवर चार शब्द ऐकवायचे आणि उतरायला लागायचे.

परवा त्यांची जुनी सॅक झटकली, तर तळातून हळदीचा वास आला आणि कळसूबाईची नवरात्रातली एक सकाळ आठवली. आईला देवीची ओटी भरून नवस फेडायचा होता. शेवटच्या शिडीपाशी तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. ती खडकावर बसली आणि खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू बाबांच्या सॅकमध्ये भरू लागली.

"ओटी? मी भरू?" बाबा म्हणाले.

"मग कोण? अन् तिथे भाषण देऊ नका. केडगावच्या सुनेची आहे, एवढंच सांगा."

वर सगळी बायकांची रांग होती. मधे बाबा, ओंजळीत खण-नारळ धरून. मागच्या बाईने विचारलं, "दादा, मालकीणबाई कुठं हायेत?"

"शिडीखाली."

"मंग शेंडी देवीकडं करा. आज तुमीच सून."

रांग हसली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज आठवतं ते एवढंच, की बाबा वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "केडगावच्या सुनेची आहे."

खाली आल्यावर आईने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

आई समाधानाने उठली आणि कळवळून परत बसली. नवस गुडघे बरे झाल्याचा होता.