घरचा न, शाळेचा ण

थंडी कसली डोंबलाची! बेलापूरच्या खाडीवरून जरा वारा सुटला की आमच्या वर्गातली अर्धी पोरं माकडटोप्या घालून येतात आणि उरलेली अर्धी खोकत येतात. त्या डिसेंबरात तर कहरच होता. बाहेर लेझीमची प्रॅक्टिस, आत माझा तिसरीचा वर्ग, आणि सोमवारी मोठ्या बाईंनी निरोप आणला, की शुक्रवारी साहेब वाचन तपासायला येणार. जो नापास होईल, त्याने वाचनाच्या तासाला पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचं.

माझ्या वर्गातली एक पोरगी दिवाळे गावातली, कोळ्याची होती, आई मासळी विकायची. वाचायची फडाफडा, पण ण म्हणून तोंडात नाही. पानी, लोनी, कोनी. मागच्या तपासणीत उच्चारावरूनच तिघं नापास झाली होती, म्हणून मी हिला घेऊन बसले. तिची धाकटी बहीण पहिलीत होती. "बाई, तिच्या बाजूला नको ना बसवू मना," एवढंच ती म्हणाली, आणि डोळे भरले. मग काय, मीच पदर खोचला.

सोमवार, मंगळवार नुसती जीभ वळवण्यात गेले. "टाळूला लाव. वर. अगं वर! बाण." "बान." "बाऽण!" "बाऽन!" माझीच जीभ दुखायला लागली. मागच्या बाकावरची दोघं फिदीफिदी हसतात, कुणाचं नाक गळतंय, कुणी विचारतंय "बाई, स्वेटर काढू?", आणि मधेच मोबाईलवर मेसेज, की उपक्रमाचे फोटो आजच पाठवा. बुधवारी पोरीची जीभ एकदाची वळली. आरशात बघून ती नीट "पाणी" म्हणाली. मी टाळी वाजवली. पाच मिनिटांनी धड्यात पुन्हा पानी! डोकं फिरलं माझं.

त्याच दुपारी तिची आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारात आली. मी तक्रार केली, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमचे घरान कोनीच तसा बोलत नाय. पानी म्हनून पन तहान भागतेच ना?" खरं तर बरोबरच होतं तिचं. त्याचाच राग आला. मी स्वतः साताऱ्याकडची. आमच्या मास्तरांनी माझं 'न्हाई' छडीने घालवलं होतं, आणि आता मी इथे शुद्ध भाषेची ठेकेदार!

गुरुवारी शेवटी कंटाळून मी म्हटलं, "हे बघ. घरी काय म्हणायचं ते म्हण. घरचा तो न, शाळेचा तो ण. शाळेत पाय ठेवलास की शाळेचा. कळलं?"

"कललं!" तिचं तोंड आठवड्यात पहिल्यांदाच फुललं. ळची तर बोंबच होती, पण तिकडे मी कानाडोळा केला. सुटले एकदाची, असं वाटलं. धडा मात्र पुन्हा वाचून घेतला नाही. मला पाचची बस गाठायची होती.

शुक्रवारी साहेबांनी तिच्यापुढे कागद ठेवला. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"णदीच्या काठी एक णाव होती. णावेत णऊ माणसं होती..."

वर्ग खदखदला. मी खुणा करतेय, मान हलवतेय, पण ती कागदावरून नजर काढेना. पुढे 'पाणी' आलं, ते इतकं सुरेख म्हणाली, की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिला उचलून घेतलं असतं.

"मॅडम, हिला साधा न पण येत नाही?" साहेब म्हणाले.

"येतो हो साहेब! मीच चुकीचं शिकवलं. परत वाचून घ्या ना."

"चूक कुणाची ते लिहायला इथे रकाना नाही." त्यांनी नावापुढे फुली मारली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. मी पुन्हा बोलायला गेले, तर मोठ्या बाईंनी डोळे वटारले. आणि मी गप्प बसले. साहेबांपेक्षा त्या गप्प बसण्याचाच मला आजही संताप येतो.

शाळा सुटल्यावर पोरगी माझ्या टेबलाशी आली. फुली तिला दिसलीच नव्हती.

"बाई, येक पन घरचा नाय आला. समदे शालेचे लावले. पोरा उगाच हसली ना?"

"उगाच हसली," मी म्हटलं.

"मंग सोमवारी मी हितंच बसनार?"

"इथंच," मी म्हणाले. फुलीचा कागद साहेबांच्या बॅगेत जाऊन तासभर झाला होता. सोमवारी कुणाशी भांडायचं, काय सांगायचं, काही ठाऊक नव्हतं. पण तिला एकदा 'नदी' म्हणून दाखव असं सांगायची माझी हिंमत झाली नाही.